डिंक, रंग आणि ऊन: गावात राहून गम बायक्रोमेट प्रिंट कशी काढायची

गम बायक्रोमेट ही डिंकाने फोटो छापण्याची जुनी पद्धत. तिची रीत थोडक्यात अशी आहे. डिंकाचं पाणी, जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेट हे नारिंगी रसायन एकत्र करून कागदावर पातळ लेप द्यायचा. लेप वाळला की वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं आणि मग साध्या पाण्यात कागद पालथा सोडायचा. ऊन लागलेल्या जागी डायक्रोमेटमुळे डिंक कडक होतो आणि रंगाला धरून ठेवतो. निगेटिव्हच्या काळ्या भागाखालचा डिंक मऊच राहतो, पाण्यात विरघळतो आणि आपल्याबरोबर रंग घेऊन जातो. डायक्रोमेट प्रकाशाने बदलतं हे मुंगो पाँटनने १८३९ मध्ये दाखवलं, १८५५ मध्ये अल्फोन्स प्वातव्हँने त्यात रंग मिसळून चित्र छापण्याची वाट काढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोबेर दमाशी, हाइनरिश क्यून या छायाचित्रकारांनी ही पद्धत कलेच्या पातळीवर नेली. यात डार्करूम लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत, ऊन मात्र भरपूर लागतं. विदर्भात ते आहेच.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक एकच असते: सगळं चित्र एकाच थरात उतरवायला जाणं. गमचा एक थर फार थोड्या छटा धरतो. लेप जाड केला, रंग दाट केला की त्या वाढत नाहीत, उलट लेपाचे पापुद्रे निघतात. म्हणून एक थर फिकट वाटला तर तो बरोबर आलाय असं समजा. चित्राला खोली दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या थराने येते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

कोणत्या दिवसांत करायचं

दिवाळीपासून होळीपर्यंत. डायक्रोमेट मिसळलेला डिंक अंधारातही हळूहळू कडक होत जातो, आणि उष्णता व दमट हवा ही क्रिया वाढवतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना लेप दिलेला कागद अर्धा तास जरी घरात राहिला, तरी पांढऱ्या जागांवर रंगाची झाक बसते आणि ती धुऊन निघत नाही. पावसाळ्यात लेप वाळतच नाही आणि कागद फुगतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे लेप द्या, आठच्या आत ऊन दाखवा.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे घरोघरी कूलर आहे. कूलरच्या हवेत कागद कधीच वाळवू नका. ती हवा थंड असली तरी ओली असते. लेप चिकट राहतो, निगेटिव्हला चिकटतो, आणि कागद दोन-तीन मिलिमीटर वाढला की पुढच्या थराची जुळवणी गेलीच. साधा पंखा लावा, तोही दूरवरून.

लाडवाचा डिंक चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. किराणा दुकानात डिंक म्हणून जे मिळतं ते बाभळीचं असतं, धावड्याचं असतं, बऱ्याचदा दोन्हींची सरमिसळ असते. छपाईसाठी जगभर वापरतात तो अरबी डिंक वेगळ्या बाभळीचा आहे, फिकट आणि पूर्ण विरघळणारा. आपल्या बाभळीचा डिंकही विरघळतो, फक्त रंगाने तांबूस असतो. गडद रंगाच्या थरांना चालतो, पिवळ्या थराला मळकट करतो. धावड्याचा डिंक अर्धवट विरघळतो आणि फार घट्ट होतो, त्यामुळे लेप ओढला जात नाही. कांडोळाचा डिंक तर नुसता फुगतो, तो अजिबात नको.

ओळखायची परीक्षा सोपी आहे. एक चमचा डिंक अर्धी वाटी पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी एकसारखं मधासारखं झालं असेल तर घ्या. तळाशी जेलीसारखे गोळे दिसले तर तो डिंक स्वयंपाकघरात परत द्या. अर्थात परीक्षेपुरताच; डायक्रोमेटजवळ गेलेली कोणतीही वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

पहिल्या प्रयत्नांना रंगसाहित्याच्या दुकानातला तयार अरबी डिंक घ्यावा असं आमचं मत आहे. एका वेळी एकच गोष्ट अनोळखी असलेली बरी. खडे घेतलेत तर ४० ग्रॅम डिंक जाडसर कुटून मलमलच्या पोटलीत बांधा आणि १०० मिली पाण्यात अशी लटकवा की पोटली बुडेल पण तळाला टेकणार नाही. एका दिवसात डिंक खाली उतरतो. काड्या, साल, माती पोटलीत राहते. पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड घ्या (बॅटरीचं ॲसिड नव्हे), पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर बोअरचं पाणी मिश्रणात घालूच नका, धुवायला वापरा. डिंक आंबू नये म्हणून आयुर्वेदिक दुकानातलं ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल, चिमूटभर घाला.

डायक्रोमेट: आधी काळजी, मग कृती

हे विष आहे. कातडीवरच्या लहान जखमेतून आत गेलं तर न भरणारे व्रण होतात, भुकटी श्वासात गेली तर कर्करोगाचा धोका असतो. युरोपात २०१७ पासून परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि भुकटी तोलताना तोंडावर चांगला मास्क हे तिन्ही लागतातच. दमा असलेल्यांनी ही पद्धत करू नये. ट्रे अंगणात उघडे टाकून जेवायला जाऊ नका: शेळी, कुत्रा, कोंबड्या आणि लहान मुलं पाणी बघून येतातच.

अमोनियम डायक्रोमेट जास्त वेगवान असतं, पण तापलं तर पेटतं. पत्र्याच्या खोलीत ते साठवायची जोखीम घेऊ नका. पोटॅशियमचं घ्या: १० ग्रॅम मोजून त्यात बॅटरीचं पाणी घालत एकूण १०० मिली करा, गडद बाटलीत भरा, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि कुलपात ठेवा. थंडीत सकाळी बाटलीच्या तळाशी नारिंगी खडे बसलेले दिसतील. द्रावण बिघडलेलं नसतं, पाणी थंड झाल्यावर त्यात तेवढं डायक्रोमेट मावत नाही इतकंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, खडे पुन्हा विरघळतात. न विरघळवता वापरलंत तर द्रावण कमजोर पडतं आणि कालची उन्हाची मिनिटं आज चालत नाहीत.

कागद: आकसवणं आणि खळ

३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) सुती जलरंगाचा कागद घ्या, शक्यतो गुळगुळीत. हातकागदही चालतो (वर्ध्याला १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा हातकागद त्याच्या कामांत होता, विदर्भाला तो परका नाही), पण तो मऊ असतो, त्याला खळ दोनदा द्यावी लागते.

थर जुळायचे असतील तर कागद आधीच आकसलेला हवा. गंजात पाणी हाताला सोसवणार नाही इतपत, म्हणजे ६० अंशांपर्यंत तापवा, ट्रेमध्ये ओता आणि कागद त्यात २० मिनिटं बुडवून दोरीवर वाळत घाला. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यातच कागद आकसतो आणि दुसऱ्या थराला सगळं हलतं.

मग खळ. सुताला खळ देतात तशीच कागदाला द्यायची, म्हणजे रंग तंतूंच्या आत न शिरता वर बसतो. बेकरीवाल्याकडचं जिलेटिन ३० ग्रॅम घ्या, १ लिटर थंड पाण्यात २० मिनिटं फुगवा, मग ५० ते ५५ अंशांवर विरघळवा. उकळी आली की जिलेटिनचा चिकटपणा मरतो. कागद त्यात मिनिटभर बुडवा, काठावरून निथळत बाहेर काढा, बुडबुडे बोटाने पुसा, लटकवा. थोड्या वेळाने उलटा लटकवा, नाहीतर खालच्या काठावर जाड पट्टी साचते.

वाळलेल्या खळीला कडक करावं लागतं, नाहीतर ती धुताना निघून जाते. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात ४० टक्क्यांचं ग्लायोक्झल मिळतं. त्यातलं २५ मिली १ लिटर थंड पाण्यात घालून खळ दिलेला कागद ५ मिनिटं बुडवा. हे काम अंगणात, हातमोजे घालून करा. मग १० मिनिटं स्वच्छ पाणी बदलत धुवा. नीट न धुतलेला कागद काही महिन्यांत पिवळा पडतो.

ही खटपट पहिल्यांदा नको वाटली तर पांढरा ॲक्रिलिक जेसो (चित्रकार कॅनव्हासला अस्तर म्हणून लावतात तो) १ भाग आणि पाणी ४ भाग असा पातळ हात फिरवून वाळवा. जिलेटिनइतका तलम पोत येत नाही, पण शिकायला पुरतो.

रंग

जलरंगाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंगकणांचा क्रमांक असतो. एकाच पिगमेंटचा रंग घ्या, मिश्र नको. निळ्यासाठी थॅलो (पीबी १५), किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन (पीव्ही १९ किंवा पीआर १२२), पिवळ्यासाठी हान्सा जातीचा पारदर्शक पिवळा. एकरंगी कामाला काजळी काळा किंवा बर्न्ट अंबर उत्तम. भिंतीला लावतो तो गेरूही चालतो, मात्र वस्त्रगाळ करून, डिंकात खूप वेळ घोटून. होळीचा रंग, कुंकू, पळसफुलांचा रंग हे चालत नाहीत. पळसाचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, तो कागदाच्या तंतूत शिरतो आणि निघत नाही. गमला कणांचा रंग लागतो.

सुरुवातीची मापं १० मिली डिंकासाठी अशी: थॅलो निळा अर्धा ग्रॅम, काळा अर्धा ते पाऊण, किरमिजी १, पिवळा दीड ग्रॅम. तोलायला सोनारासारखा छोटा डिजिटल काटा हवाच. प्रत्येक कंपनीच्या ट्यूबची तीव्रता वेगळी असते, म्हणून नवीन रंगाची आधी पारख करा: लेप देऊन वाळवा, ऊन अजिबात न दाखवता पाण्यात सोडा. अर्ध्या तासात कागद पांढरा झाला पाहिजे. नाही झाला तर रंग कमी करा किंवा खळ वाढवा.

निगेटिव्ह

निगेटिव्ह प्रिंटच्याच मापाची लागते, कारण ती कागदाला चिकटून बसते. इंकजेटवर पारदर्शक फिल्म छापली तर सगळ्यात बरं. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर लेझर प्रिंट मिळते, तिचा काळा थोडा फिका असतो, पण गमला फार दाट निगेटिव्ह लागतच नाही. कमी वाटली तर दोन प्रती एकमेकींवर नेमक्या चिकटवा. प्रतिमा आरशासारखी उलटी छापून घ्या, म्हणजे शाईची बाजू कागदाला लागते आणि कडा तीक्ष्ण येतात.

तीन रंगांत छापायचं असेल तर संगणकावर लाल, हिरवी आणि निळी वाहिनी (चॅनल) वेगळी करा, तिन्हींचं काळं-पांढरं उलटवून निगेटिव्ह बनवा. लाल वाहिनीची निगेटिव्ह निळ्या थराला, हिरवीची किरमिजीला, निळीची पिवळ्याला. प्रत्येकीवर कोपऱ्यात नाव लिहा, कारण पिवळ्याची निगेटिव्ह निळ्यावर ठेवली जाणं ही नेहमीची गफलत आहे.

जुळवणीसाठी ऑफिसचं दोन भोकांचं पंच मशीन पुरतं. तिन्ही निगेटिव्ह लाइट टेबलवर किंवा खिडकीच्या काचेवर नेमक्या एकावर एक ठेवून एकदम पंच करा. कागदाला आकसवून, खळ देऊन झाल्यावर तशीच भोकं पाडा. फळीवर दोन खुंट्या ठोकल्या की कागद आणि निगेटिव्ह दर वेळी त्याच जागी बसतात.

लेप देणं

५ बाय ७ इंची चित्राला रंगमिश्रित डिंक २ मिली आणि डायक्रोमेटचं द्रावण २ मिली पुरतं. सुईविना सिरिंजने मोजा. खिडक्या बंद करून पिवळ्या झिरो बल्बच्या उजेडात काम करा. ओलं मिश्रण प्रकाशाला फारसं हलत नाही, वाळत गेलं की हलतं.

मिश्रण कागदाच्या मधोमध ओता. फोमच्या ब्रशने आधी आडवं, मग उभं पसरवा, चित्रापेक्षा बोटभर बाहेरपर्यंत. लगेच दुसरा रुंद, मऊ, कोरडा ब्रश अलगद फिरवा, जवळजवळ कागदाला न टेकता. सुरुवातीला लेप आरशासारखा चकाकतो आणि ब्रशच्या रेघा दिसतात. अर्ध्या-पाऊण मिनिटात चकाकी मंद होऊ लागते, ब्रशला किंचित ओढ जाणवते आणि रेघा आपोआप मिटतात. तिथेच थांबायचं. आणखी दोन हात फिरवले की डिंक सुरकुततो आणि तो डाग शेवटच्या थरापर्यंत दिसत राहतो. उन्हाळ्यात हा सगळा वेळ वीस सेकंदांवर येतो, म्हणून छोटाच कागद घ्या.

बरोबर लेप फिका आणि अर्धपारदर्शक दिसतो. खाली पेन्सिलची रेघ असली तर ती दिसली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली १५-२० मिनिटांत वाळतो. वाळला की तासाभराच्या आत ऊन दाखवा.

ऊन दाखवणं

फोटो फ्रेमवाल्याकडून ५ मिलिमीटरची काच, खाली फळी, मध्ये पातळ फोम आणि कडेने मजबूत क्लिपा. निगेटिव्ह आणि कागदात केसाएवढीही फट राहिली तर चित्र धूसर येतं.

वेळ ठरवायला चाचणीपट्टी करा: पुठ्ठा सरकवत १, २, ३, ४, ५ मिनिटं असे टप्पे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ११ ते २ च्या निरभ्र उन्हात यातलाच एखादा टप्पा लागू पडतो. ढग असतील त्या दिवशी काम सोडून द्या, कारण मिनिटं मोजण्याला अर्थच उरत नाही. फ्रेम तापायला लागली तर मध्येच सावलीत न्यावी.

वेळेचा परिणाम आधी समजून घ्या. जास्त ऊन म्हणजे उजळ भागांतही रंग धरला जातो, पण सावल्या एकसंध होतात. कमी ऊन म्हणजे फक्त सावल्या राहतात, चित्र करकरीत होतं. थरांची सगळी मांडणी यावरच उभी आहे.

धुणं

ट्रेमध्ये २० ते २५ अंशांचं पाणी घ्या. कागद चित्राची बाजू खाली करून पाण्यावर तरंगत सोडा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळण्याइतकं गरम असतं, त्यात सगळाच लेप विरघळतो. रांजणातलं पाणी वापरा. पहिल्या दोन मिनिटांत पिवळं डायक्रोमेट उतरतं, ते पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवा. दुसरं पाणीही त्यातच. मग ट्रेमध्ये नवं पाणी घालून कागद पालथा ठेवा आणि हात लावू नका. काही वेळाने बाजूने पाहिलं तर कागदाखालून रंगाचे बारीक धागे ट्रेच्या तळाकडे संथ उतरताना दिसतात. ते थांबले की धुणं झालं. अर्धा तास लागतो, कधी पाऊण.

अर्ध्या तासानंतरही रंग हलत नसेल तर पाणी थोडं कोमट करा. मऊ ब्रशने पाण्याखालीच हलकेच रंग उतरवताही येतो, पण ओला थर सायीसारखा नाजूक असतो. उचलताना दोन कोपरे धरा, बोट आत जाऊ देऊ नका. पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा लेप द्यायचा नाही.

थरांचा क्रम

तीन रंगांकडे धावण्याआधी एकाच काळ्या किंवा तपकिरी रंगाचे तीन थर एकाच निगेटिव्हने छापा. पहिला थर नेहमीच्या रंगाचा आणि मधल्या वेळेचा. दुसरा अर्ध्या रंगाचा आणि दीडपट वेळेचा: यात ढग, पांढरं धोतर, वेचलेल्या कापसाचा ढीग अशा उजळ जागांच्या छटा येतात. तिसरा दीडपट रंगाचा आणि अर्ध्या वेळेचा: यात फक्त गडद जागा खोल होतात. हे तीन थर ज्याला जमले त्याला गम समजलं.

तीन रंगांत आधी निळा छापावा, कारण त्याच्या स्पष्ट रेषांवर पुढची जुळवणी डोळ्यांनीही तपासता येते. काही जण पिवळ्याने सुरुवात करतात, म्हणजे अपारदर्शक पिवळा खाली दबतो. पिवळा पारदर्शक असेल तर त्याची गरज नाही. निळा, किरमिजी, पिवळा झाल्यावर चित्र कुठल्या रंगाकडे झुकतंय ते पाहून त्या-त्या रंगाचा चौथा, पाचवा थर द्या. तीन-चार थरांनंतर खळ कमजोर पडते आणि उजळ जागा मळू लागतात. तेव्हा मध्येच जिलेटिनचा पातळ हात देऊन पुन्हा कडक करा.

बिघाड ओळखणं

उजळ जागा रंगल्या तर कारणं चार: खळ कमी, रंग जास्त, लेप दिल्यावर उशीर, ऊन जास्त. कागदाच्या कडेला निगेटिव्हबाहेर काळ्या कागदाने झाकलेली एक पट्टी नेहमी ठेवा. ती पट्टीही रंगलेली असेल तर दोष पहिल्या तिघांपैकी. ती पांढरी असेल तर ऊन जास्त झालं.

चित्र पापुद्र्यांनी सुटून पाण्यात गेलं तर लेप जाड होता किंवा ऊन कमी. जाड लेप वरून कडक होतो, कागदाजवळचा तळ मऊच राहतो. सगळंच धुऊन गेलं तर वेळ दुप्पट करून बघा, आणि डायक्रोमेटच्या बाटलीत खडे बसलेत का तेही. बारीक काळे ठिपके म्हणजे रंग नीट घोटला नाही. लेप जागोजाग फाकून डोळे पडत असतील तर खळीवर तेलकट बोटं लागली आहेत.

शेवटची सफाई आणि उरलेलं पाणी

सगळे थर झाले की चित्रात मातकट पिवळी झाक दिसते, ती क्रोमियमची. सोडियम मेटाबायसल्फाइट १० ग्रॅम, पाणी १ लिटर, त्यात ३ ते ५ मिनिटं, मग अर्धा तास धुणं. वाफ घशाला लागते, त्यामुळे बाहेरच करा. थरांच्या मध्ये ही सफाई करू नका, कोवळा थर सैल होतो.

कॅनमध्ये साठवलेलं पिवळं पाणी विहिरीजवळ, नालीत, शेतात कुठेही ओतू नका. त्यात मेटाबायसल्फाइट थोडं थोडं घाला, पिवळा रंग पूर्ण जाऊन हिरवट होईपर्यंत. मग भिजवलेला चुना घालून ढवळा. क्रोमियम हिरव्या-करड्या गाळाच्या रूपात खाली बसतं. पसरट टबात, जाळीखाली, उन्हात पाणी आटवा आणि उरलेला गाळ झाकणाच्या डब्यात नाव लिहून ठेवा. विदर्भात घातक कचऱ्याची अधिकृत सोय बुटीबोरीला आहे. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाशी बोलून त्यांच्या कचऱ्याबरोबर तो डबा पाठवण्याची विनंती करा.

प्रिंट दोरीवर वाळवा, दोन कोऱ्या कागदांत घालून वजनाखाली रात्रभर दाबा. मागे पेन्सिलने प्रत्येक थराचा रंग, ग्रॅम, मिनिटं, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा. शाईने नको, ती पुढच्या धुण्यात फुटते. आणि महिन्याभराने आणखी एक निळा थर द्यावासा वाटतोच.